झाकण कोणी काढलं? कामगारमंत्र्यांना एका जिनिंग फिटरचं खुलं पत्र

प्रति,
मा. कामगारमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

मी फिटर आहे. वर्धा जिल्ह्यातल्या जिनिंगांमध्ये, म्हणजे कापसातली रुई (तंतू) आणि सरकी (बी) वेगळी करणाऱ्या कारखान्यांत, 27 हंगाम काढलेत. दसऱ्याच्या आसपास रेचे, म्हणजे जिनिंगची यंत्रं, सुरू होतात, मार्च-एप्रिलात कापूस संपतो, मग मी मोटारपंप दुरुस्त करतो. लिहिण्याची सवय सामानाच्या यादीपुरती. मुलीनं हे पत्र तपासून दिलंय, तरी चूकभूल द्यावी घ्यावी.

पत्र एका झाकणाबद्दल आहे. दुहेरी रोलरच्या रेच्यातून रुई एकीकडे निघते आणि सरकी खाली पडते. खाली लोखंडी पन्हाळीत एक स्क्रू फिरत असतो, तो सरकी ढकलत ढकलत गोदामाकडे नेतो. त्या पन्हाळीवर पत्र्याचं झाकण असतं, चार बोल्टांवर बसवलेलं.

दोन हंगामांपूर्वी नोव्हेंबरात कापूस ओला येत होता. पाऊस लांबला होता हे खरं, आणि वजन वाढावं म्हणून गाडीवर पाणी मारतात हेही आमच्याकडे लहान पोराला ठाऊक आहे. सीसीआय, म्हणजे सरकारी कापूस महामंडळ, 8 टक्के ओलाव्याला पूर्ण भाव देते, 12 टक्क्यांच्या वर घेत नाही. खासगी जिनिंगवाला भाव पाडून तसलाही घेतो. असल्या कापसाच्या सरकीला तंतू चिकटून राहतात, तिचे गोळे होतात आणि स्क्रू तुंबतो. तासाला दोन-तीनदा. दर वेळी रेचा थांबवा, चार बोल्ट खोला, गोळा काढा, बोल्ट आवळा. रात्रपाळीचा मॅनेजर म्हणाला, "लावू नोको ना बाप्पा ते झाकण. उद्या लावजो." मी झाकण भिंतीला टेकवून ठेवलं.

तो उद्या अकरा दिवस उगवला नाही. तिसऱ्या दिवसापासून बायांनी ते झाकण आडवं टाकून त्यावर जेवणाचे डबे मांडायला सुरुवात केली. मीही त्यावर बसून भाकर खाल्लीय.

बाराव्या रात्री शेजारच्या गावची एक बाई रेच्याखालची सांडलेली सरकी झाडत होती. वय चाळीस. स्क्रू तुंबला. तिनं गोळा हातानं पुढे ढकलला, जसा आम्ही सगळे ढकलत होतो. गोळा सुटला आणि स्क्रू फिरला. बंद करायचं बटण गाठींच्या थप्पीपलीकडे, चाळीसेक फुटांवर. मी धावत गेलो, बंद केलं, परत आलो आणि पान्यानं स्क्रू उलटा फिरवला तेव्हा कुठं हात सुटला. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट मुळापासून गेलं होतं. बाई रडली नाही. म्हणाली, "भाऊ, रात्र पुरी नाही झाली, हजेरी अर्धी तं नाही लावन ना?"

अर्धी लावली नाही. पुढचे आठ दिवस तिची पूर्ण हजेरी लागली. का, ते मला नंतर कळलं. अपघातामुळे कामगार 48 तास किंवा जास्त कामावर येऊ शकला नाही, तर कारखान्याला ते सरकारला कळवावं लागतं. दवाखान्यात पडलेली बाई रजिस्टरमध्ये सरकी झाडत होती, म्हणून अपघात झालाच नाही.

दवाखान्याचं बिल मालकानं भरलं. हातात 15 हजार दिले आणि एका कागदावर अंगठा घेतला, डाव्या हाताचा. सही करता येते तिला. पण लिहायचा हात तर पट्टीत बांधलेला होता.

आता हिशेब पाहा. अपघात झाला तेव्हा लागू असलेल्या 1923 च्या भरपाई कायद्याच्या कोष्टकात एका हाताची दोन बोटं गेली तर कमाईची क्षमता 20 टक्के गेली असं धरलंय. महिन्याच्या पगाराचे 60 टक्के, गुणिले वयाचा आकडा, जो चाळिशीला 184.17 आहे. रोज 400 रुपये, महिन्याचे 25 दिवस, म्हणजे 10 हजार पगार. गुणाकार 11 लाख 5 हजार 20 येतो, त्याचे 20 टक्के 2 लाख 21 हजार 4 रुपये. महिन्याभरात दिले नाहीत तर वर 12 टक्के व्याज. जिनिंग हंगामी आहे म्हणून यातला एक रुपया कमी होत नाही. "बाई ठेकेदाराची आहे, आमची नाही" असं म्हणूनही सुटका नाही. आधी मूळ मालकानं द्यायचे आणि मग ठेकेदाराकडून वसूल करायचे, असं त्याच कायद्यात आहे. हे सगळं मला त्या रात्री माहीत नव्हतं. असतं तर तो अंगठा होऊ दिला नसता.

मी मालकाशी बोलायला गेलो, तेव्हा त्यांनी शांतपणे विचारलं, "झाकण कोणी काढलं?"

मी काढलं होतं. हे मी इथं लिहून देतो.

मालकांचा प्रश्न वाटतो तितका भोळा नाही. त्याच कायद्यात एक पळवाट आहे. सुरक्षेसाठी दिलेलं साधन कामगारानं स्वतः जाणूनबुजून काढलं किंवा टाळलं, तर मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व सोडून इतर इजांची भरपाई मालकाला नाकारता येते. म्हणून अपघात झाला की पहिला शोध झाकण काढणाऱ्याचा घेतात. झाकण काढा म्हणणारा तेवढ्या वेळापुरता कुणाला दिसत नाही. आणि त्या बाईनं तर झाकण काढलंच नव्हतं. ती कामाला लागली तेव्हा ते झाकण जेवणाचं टेबल झालेलं होतं.

अपघात झाला तेव्हा 1948 चा कारखाने कायदा लागू होता. त्यात लिहिलंय की चालत्या भागाजवळ इजेचा धोका असेल तर बाईला यंत्र साफ करायला लावायचं नाही. चालू यंत्राची तपासणी शिकवून तयार केलेल्या पुरुष कामगारानंच करायची, त्याचं नाव रजिस्टरमध्ये हवं आणि त्याला अंगाला घट्ट बसणारा पोशाख मालकानं द्यायचा. तो पोशाख मी 27 हंगामांत पाहिला नाही. माझं नाव त्या रजिस्टरमध्ये आहे की नाही, हेही मला कोणी सांगितलं नाही.

21 नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी कामाच्या जागच्या सुरक्षेची नवी संहिता आली आहे. मुलीनं मोबाइलवर वाचून दाखवली. मालकाची कर्तव्यं एका कलमात, कामगाराची दुसऱ्यात. कामगारानं स्वतःची आणि शेजारच्याची काळजी घ्यावी, धोका दिसला तर कळवावं, सुरक्षेच्या साधनाशी मुद्दाम छेडछाड करू नये. मला हे सगळं मान्य आहे, अगदी मनापासून. आमच्यातही दोष आहेत. रुईच्या ढिगाजवळ बिडी ओढणारे आहेत. तोंडात तंबाखूचा खर्रा धरल्यावर नाकाला फडकं कोण बांधणार? मास्क दिले तर ते आठ दिवसांत पोराच्या खेळण्यात जातात. कापसाच्या धुळीनं छातीला होणारा आजार, बिसिनोसिस, कायद्याच्या यादीत आहे. सुट्टीनंतर कामावर आल्यावर छाती आवळते, ही त्याची खूण. आमच्याकडे त्याला "थंडीचा खोकला" म्हणतात आणि गूळ खातात.

पण महोदय, कामगाराचं कर्तव्य मालकाच्या कर्तव्याच्या खांद्यावर उभं असतं. झाकणच नसेल तर त्याच्याशी छेडछाड न करण्याचं कर्तव्य मी कसं पाळू? मी धोका कळवायचा कोणाला? ज्यानं "उद्या लावजो" म्हटलं, त्यालाच? संहितेत सोय आहे की गंभीर धोका दिसला तर मालकाला आणि त्याच वेळी निरीक्षकालाही कळवता येतं. चांगली सोय आहे. पण आमच्या भिंतीवर देवीचं कॅलेंडर आहे, सीसीटीव्ही आहे, निरीक्षकाचा फोन नंबर नाही. त्यांच्या पदनामात आता सुविधा देणारा असाही शब्द जोडलाय म्हणे. सुविधा कोणाला, एवढं आम्हाला कळवावं.

2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. तेव्हाही पहिला प्रश्न हाच होता: हातमोजे घातले होते का, मास्क लावला होता का? डोक्याएवढी वाढलेली कपाशी, भर दुपारचं ऊन, पाठीवर पंप आणि रोजंदारी. तो मास्क आणायचा कोणी, हे विचारायला मात्र उशीर झाला. मेलेल्याची चूक काढणं सोपं असतं, तो उत्तर देत नाही.

आता मागणीवर येतो. मोठ्या यंत्रणेची मागणी नाही माझी.

पहिली गोष्ट म्हणजे 'हंगामी' हा शब्द. ईएसआयच्या, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याच्या, 1948 च्या कायद्यात हंगामी कारखाने वगळले होते आणि त्या यादीत कापूस जिनिंग-प्रेसिंगचं नाव स्पष्ट होतं. त्याच्या जागी आलेल्या 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हंगामी कारखाना बाहेरच राहिला. म्हणून बाईला ना विम्याचा दवाखाना, ना घरी बसल्याचा पगार. आमचे रेचे पाच-सहा महिने चालतात, दोन पाळ्यांत. स्क्रूला हंगाम कळत नाही. हा विषय केंद्राचा आहे हे मला समजतं. पण कापूस पिकवणाऱ्या राज्याच्या मंत्र्यानं दिल्लीला पत्र लिहिलं, तर त्याचं वजन माझ्या पत्रापेक्षा जास्त राहील.

दुसरी गोष्ट तुमच्या हातात आहे. झाकण उघडलं की मोटर आपोआप बंद करणारा एक छोटा स्विच मिळतो, हजार-दोन हजारांत बसतो. तो असला तर "उद्या लावजो" म्हणायची सोयच राहत नाही, कारण झाकणाशिवाय स्क्रू फिरणार नाही. शिवाय रांगेतल्या रेच्यांवरून एक दोरी जावी, कोणीही कुठूनही ओढली की सगळं थांबावं. आणि थांबवणाऱ्याची मजुरी कापू नये. बाया स्क्रूत हात घालतात त्याचं मूळ यात आहे: रेचा थांबला तर मुकादम ओरडतो, हात घातला तर ओरडत नाही. हे नियमात घाला आणि हंगामाच्या परवानग्या देताना दसऱ्याआधी तपासा. नागपूरला जिनिंगचं सरकारी प्रशिक्षण केंद्र आहे. तिथं फिटर पाठवायची सक्ती मालकांवर करा, पगारी. मी रोलर घासायचं, सुरीचं अंतर धरायचं सगळं उस्तादाच्या शिव्या खात शिकलो. त्यात झाकणाचा धडा नव्हता.

त्या बाईला दावा लावायला दोन वर्षांची मुदत आहे, ती अजून सरलेली नाही. मी साक्ष द्यायला तयार आहे, झाकण मी काढलं आणि कोणाच्या सांगण्यावरून काढलं, हे सांगायला. तीच तयार नाही. तिची जाऊ त्याच जिनिंगात कामाला आहे आणि तिलाही या हंगामात परत लागायचंय. डाव्या हातानं झाडू धरायला शिकलीय ती.

4 मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो. साहेब येतात, हेल्मेट वाटतात, आम्ही हात पुढे करून शपथ घेतो, फोटो निघतो. तेव्हा कापूस कोरडा असतो आणि निम्मे रेचे बंद असतात. तुम्ही त्या दिवशी येऊ नका. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात या, न कळवता, रात्री अकराच्या पुढे, कापूस ओला असतो तेव्हा. गेटवरचा माणूस आत फोन लावेल, त्याला थांबवा. आत आल्यावर उजवीकडे भिंतीकडे पाहा, झाकणं तिथंच टेकवलेली असतात.

आपला,
एक जिनिंग फिटर
जिल्हा वर्धा