रंगाआधी छताला पैसे द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जिल्हा परिषद शाळेच्या वर्गात स्लॅबचा तुकडा पडल्याची बातमी कालच्या अंकात वाचली. मधली सुट्टी होती म्हणून मुले वाचली. त्याच शाळेच्या भिंती रंगवायला आणि आवारात पेव्हर ब्लॉक बसवायला निधी मिळाल्याचेही बातमीत आहे, आणि त्यावर कोणाला एक प्रश्नही पडलेला नाही. स्लॅब पडण्याचे कारण काय, तर म्हणे ‘इमारत जुनी’. हे उत्तर आता पुरे झाले.

शाळेचा स्लॅब पडतो तो पाण्यामुळे. गच्चीवर पाला साचतो, पावसाळी पाइपाचे तोंड बुजते, पाणी तुंबते आणि कोब्याच्या, म्हणजे स्लॅबवरच्या पाणी अडवणाऱ्या थराच्या, भेगांतून सळईपर्यंत उतरते. गंजलेली सळई फुगते आणि खालचे पाऊण इंचाचे कव्हर, म्हणजे सळई झाकणारे काँक्रीट, ढकलून देते. वर्गात आधी सळईच्या रेषेत तांबूस डाग दिसतो, मग त्याच रेषेत चीर जाते. काठीने ठोकले तर भद्द आवाज येतो. म्हणजे तुकडा पडण्याआधी एक-दोन पावसाळे तरी इशारा मिळालेला असतो.

त्यावर दुरुस्ती काय होते? गवंडी खालून सिमेंटचा गिलावा मारतो, वर चुना फासतो आणि बिल निघते. आतली सळई गंजतच राहते आणि पुढच्या वर्षी तो गिलावाही खाली येतो. खरे काम असे असते: सुटलेले काँक्रीट सळईच्या मागे बोट जाईल इतके फोडायचे, तारेच्या ब्रशने गंज काढायचा, सळई फार झिजली असेल तर शेजारी नवी बांधायची, गंजरोधक लावायचे आणि मग पॉलिमर मिसळलेल्या मॉर्टरने भरायचे. हे सगळे करायचे ते वरची गळती बंद केल्यानंतरच. गच्चीवर पाइपाकडे शंभराला एक तरी उतार हवा, कठड्याच्या कोपऱ्यात पाणी थांबू नये म्हणून गोलाई हवी आणि काम झाल्यावर दोन दिवस पाणी साठवून तपासणी हवी. जुना कोबा न काढता त्यावर नवा टाकणे तर धोक्याचेच. पाचशे चौरस फुटांच्या खोलीवर चार इंचांचा जादा थर म्हणजे आधीच दुबळ्या झालेल्या स्लॅबवर सुमारे नऊ टनांचे ओझे.

कौलारू शाळांत फुटकी कौले सगळ्यांना दिसतात. पण वासा भिंतीत जिथे टेकतो तिथे वाळवी लागते, ते टोक कोणी उकरून पाहत नाही. मराठवाड्यातल्या निजामकालीन शाळांच्या चुन्यातल्या दगडी भिंतींना सिमेंटचा गिलावा करतात. त्याने ओल आत कोंडते आणि दगडांच्या सांध्यांमधला चुना भुसभुशीत होतो.

पेव्हर ब्लॉकबद्दलही सांगायलाच हवे. मुरमाची भर घालून ते बसवले की आवार जोत्याच्या बरोबरीला येते. मग पावसाचे पाणी भिंतीच्या पायथ्याशी थांबते आणि नव्या रंगाला वर्षभरात पोपडे धरतात.

आता पैशाचे. ‘समग्र शिक्षा’ या सरकारी योजनेचे संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरते: 30 पर्यंत पट असेल तर 10,000 रुपये, 31 ते 100 पटाला 25,000. त्यातूनच वीजबिल, खडू आणि नोंदवह्या. किमान दहा टक्के स्वच्छतेसाठी. उरलेल्या रकमेत दोन खोल्यांच्या गच्चीचे काम बसत नाही. ग्रामपंचायतीच्या वित्त आयोगाच्या पैशांतला मोठा हिस्सा पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला असतो. मोठ्या दुरुस्तीसाठी जिल्हा नियोजन समितीकडे जावे लागते. तिथली प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा आणि कार्यारंभ आदेश होईपर्यंत मार्च उजाडतो. ठेकेदार जूनमध्ये गच्ची उघडतो आणि पाऊस सुरू होतो. शिवाय अनुदान पटावर ठरत असल्याने ज्या शाळेत दहा मुले उरली तिला सर्वांत कमी पैसे मिळतात, पण तिचे छत काही दहा मुलांपुरते लहान झालेले नसते. छताचा निधी पटावर न देता छताच्या क्षेत्रफळावर द्या, वेगळ्या शीर्षाखाली द्या आणि डिसेंबरमध्ये द्या, म्हणजे मे अखेर काम संपेल.

निर्लेखनाचे, म्हणजे धोकादायक खोली नोंदीतून काढून पाडण्याचेही तेच. खोली धोकादायक ठरली तरी व्यवस्थापन समितीचा ठराव, अभियंत्याचा दाखला, मूल्यांकन आणि जिल्हा परिषदेची मंजुरी यांत प्रस्ताव फिरत राहतो. तोवर खोलीला कुलूप असते, पण व्हरांडा तिचाच असतो आणि मुले तिथेच खेळतात. ऑगस्ट 2017 मध्ये नगर जिल्ह्यातल्या निंबोडीत वर्गाचे छत कोसळून तीन मुले गेली. जुलै 2025 मध्ये राजस्थानातल्या झालावाड जिल्ह्यात सात गेली. दोन्ही घटना पावसाळ्यातल्या आहेत.

आपल्यालाही एक विनंती. रंगवलेल्या भिंतींचे फोटो आपण पान तीनवर चार कॉलमांत छापता. ‘यूडायस’ या शाळांच्या सरकारी माहितीसंचात प्रत्येक शाळेच्या किती खोल्यांना मोठी दुरुस्ती लागते याची नोंद असते. ती तालुकावार मिळवून मे महिन्यात छापा आणि प्रत्येक नोंदीपुढे त्या शाळेला यंदा छतासाठी किती रुपये मिळाले तेही द्या.

आपला,
एक निवृत्त शाखा अभियंता, परभणी