अण्णा, तुमची भट्टीची वही अजून माझ्याकडे आहे

आदरणीय अण्णा,
सादर नमस्कार.

मागच्या आठवड्यात आमच्याकडे नव्या पॉवर फेराइटचा लॉट भट्टीतून निघाला. इलेक्ट्रिक गाडीच्या चार्जरमधल्या ट्रान्सफॉर्मरसाठी लागणारे कोअर, म्हणजे तार गुंडाळायचे चुंबकीय गाभे. १०० किलोहर्ट्झ, २०० मिलिटेस्ला, १०० अंश सेल्सिअस, या ठरलेल्या कसोटीवर लॉस, म्हणजे उष्णता होऊन वाया जाणारी ऊर्जा, हवा होता तेवढाच आला. विभागातली पोरं मीटरभोवती गोळा झाली होती. मी मात्र आधी एक कोअर उचलला, पकडीने मोडला आणि खिडकीशी नेऊन त्याची कड बघत उभी राहिले. नवीन आलेल्या मुलाने विचारलं, "मॅडम, रीडिंग तर चांगलं आहे, मग फोडलात कशाला?" त्याला तुमच्याबद्दल सांगायला लागले आणि जेवणाची सुट्टी कधी संपली ते दोघांनाही कळलं नाही. घरी आल्यावर वाटलं, जे त्याला सांगितलं ते सगळ्यांसमोर सांगायला हवं. तुम्हाला तर फार आधी सांगायला हवं होतं.

मी १९९७ साली भोसरीच्या त्या कारखान्यात आले तेव्हा मेटलर्जीची पदवी नवी कोरी होती. फेराइट म्हणजे काय हे पुस्तकातून पाठ होतं. मोबाइलच्या चार्जरमध्ये तांब्याची तार ज्या काळ्या, दगडासारख्या तुकड्याभोवती गुंडाळलेली असते ते आपलं फेराइट. लोह, मँगनीज आणि जस्त यांची ऑक्साइडं मोजून मिसळायची, भाजायची, दळायची, दाबून आकार द्यायचा आणि १३०० अंशांच्या वर पुन्हा भाजायचं. तोक्योत १९३० साली कातो आणि ताकेई यांनी फेराइटवर मूळ काम केलं, १९३५ साली त्यातून टीडीके कंपनी उभी राहिली, हेही मला ठाऊक होतं. कच्च्या कोअरची प्लेट भट्टीत कोणत्या बाजूने सरकते, हे मात्र पहिल्या दिवशी तुम्हीच दाखवलंत.

आणि १९९८ च्या पावसाळ्यातलं ते प्रकरण. तीन आठवडे टीव्हीच्या योकचे, म्हणजे पिक्चर ट्यूबच्या मानेवर बसणाऱ्या कॉइलचे, कोअर नापास होत होते. पर्मिअॅबिलिटी (चुंबकत्व वाहून नेण्याची क्षमता) खाली, लॉस वर, काहींना केसासारखे तडे. मी पावडरचं रासायनिक विश्लेषण करून घेतलं, कॅल्शियम आणि सिलिकाचं प्रमाण पुन्हा पुन्हा तपासलं, मिसळण्याची वेळ बदलून पाहिली. काही केल्या सुधारणा होईना. वरून विचारणा झाली तेव्हा मी अहवालात लिहिलं, "रात्रपाळीत भट्टीच्या तापमानाकडे दुर्लक्ष होत असण्याची शक्यता." रात्रपाळी तुमची होती, अण्णा. तो कागद तुमच्यापर्यंत पोहोचला होता हे मला नंतर कळलं.

तुम्ही माझ्याशी भांडला नाहीत. दुसऱ्या दिवशी पाळी संपल्यावर घरी न जाता माझ्या टेबलाशी आलात आणि वही उघडून ठेवलीत. दर अर्ध्या तासाची नोंद: तापमान, नायट्रोजनचा प्रवाह, प्लेट नंबर, बाहेर पाऊस आहे की नाही. तापमान एकदाही चुकलेलं नव्हतं. मग खिशातून दोन कोअर काढलेत, पकडीने मोडलेत. एक आतबाहेर सारखा काळा, चमकदार. दुसऱ्याच्या कडेला नखाएवढीही नाही अशी एक निस्तेज, तपकिरी साल. "मॅडम, हा भाजताना नाही बिघडला. थंड होताना वारा लागलाय याला."

मँगनीज-झिंक फेराइटचं सगळं गणित त्या एका वाक्यात होतं. १३०० अंशांवर त्याला पाचेक टक्के ऑक्सिजन चालतो, किंबहुना लागतो. १००० अंशांपर्यंत उतरताना मात्र तो टक्क्याच्या काही शतांशांवर आणावा लागतो, म्हणून थंड होण्याच्या भागात नायट्रोजन सोडतात. तिथे हवा शिरली की कोअरच्या पृष्ठभागावर हेमॅटाइट हे लोहाचं ऑक्साइड वेगळं पडतं, वरची साल आणि आतला गाभा यांच्यात ताण येतो, चुंबकीय गुण जातात आणि तुकडा तडकतो. हे समीकरण मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. समोर तीन आठवडे नापास माल पडला होता तरी मला ते आठवलं नव्हतं, कारण मी एकही तुकडा फोडून पाहिला नव्हता.

त्या दुपारी तुम्ही उदबत्ती पेटवून भट्टीच्या थंड टोकाच्या जोडाजोडांवरून सावकाश फिरवलीत. सगळीकडे धूर बाहेर ढकलला जात होता. निर्गम दाराजवळच्या एका सीलपाशी तो आत ओढला गेला. तो धूर आत वळताना मी पाहिला आणि अहवालातलं ते वाक्य आठवून मला बोलता येईना. तुम्ही फक्त म्हणालात, "चला, फिटरला बोलवा." सील बदललं, आणि पुढच्या लॉटपासून माल पास होऊ लागला.

अण्णा, सुधारित अहवाल मी लिहिला. त्यात कारण होतं, उपाय होता, खाली माझी सही होती. तुमच्यावरचा संशय काढला, पण दोष शोधला कोणी ते लिहिलं नाही. त्या अहवालामुळे मला पहिली बढती मिळाली. म्हणून आज इथे लिहिते: तो दोष अण्णांनी शोधला. वही त्यांची, निदान त्यांचं, उदबत्तीही त्यांचीच. मी तिथे फक्त उभी होते.

त्यानंतरची वर्षं म्हणजे माझ्या ट्रायलची वर्षं. आपल्याकडे विकास विभागासाठी वेगळी भट्टी नव्हती. नवी पावडर करून पाहायची तर तिचे दहा-बारा तुकडे चालू उत्पादनाच्या प्लेटवर कोपऱ्यात बसवावे लागत, आणि ते भट्टीवाल्याच्या मर्जीवर असे. तुम्ही कधी नाही म्हटलं नाहीत. कोणता तुकडा कोणत्या प्लेटवर, कडेला की मध्ये, सगळं वहीत मांडून ठेवायचात, आणि सकाळी मी आले की म्हणायचात, "तुमची लेकरं निघाली बघा." पुढे पिक्चर ट्यूबचे टीव्ही गेले आणि योकची लाइन बंद पडली. चार्जर आणि पॉवर सप्लायचे जे ग्रेड मी तयार केले त्यांच्यावर कारखाना तगला. त्यातला एकही ग्रेड तुमच्या कोपऱ्यातल्या प्लेटवर भाजल्याशिवाय बाहेर पडलेला नाही.

निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ झाल्यावर तुम्ही ती वही माझ्या हातात दिलीत. तिचं पुठ्ठ्याचं कव्हर आता सुटलंय, मी कापडी पट्टीने बांधलंय. त्या नव्या मुलाला परवा ती वाचायला दिली. रात्रीच्या नोंदींखाली तुम्ही पावसाचा आणि वाऱ्याचा रकाना का ठेवलाय, हे त्याने न सांगता ओळखलं. मला फार बरं वाटलं.

दिवाळीच्या सुट्टीत गावी येते आहे. नव्या लॉटमधला एक कोअर आणते, मोडून बघा आणि काय वाटतं ते सांगा. वहीही आणते. ऑगस्टच्या एका पानावर प्लेट नंबरपुढे पेन्सिलीने काहीतरी लिहिलंय, ते मला इतक्या वर्षांत लागलेलं नाही. तेवढं वाचून द्या.

तुमची,
भट्टीवरची मॅडम