मोटर बदलू नकोस, आधी नट बघ

मुलुंड (पूर्व), मुंबई
२४ मे

प्रिय अविनाश,
सप्रेम नमस्कार.

वायपरची मोटर गेली असं गॅरेजवाल्याने सांगितलं आणि तो अख्खी मोटर बदलायला लावतोय, हे ऐकल्यापासून चैन नाही. फोनवर या गोष्टी नीट सांगून होत नाहीत, म्हणून लिहितोय. मला एवढंच सांग, बटण फिरवल्यावर मोटरचा आवाज येतो ना? तुझ्या बाजूचा वायपर अर्ध्यात लटकतो आणि वहिनींच्या बाजूचा मात्र झकास फिरतो, असंच म्हणालास ना? मग मोटर ठणठणीत आहे. मारुती आठशेला मोटर एकच. तीच बॉनेटखालच्या पट्ट्यांमधून दोन्ही वायपर हलवते. ती गेली असती तर दोन्ही बंद पडले असते. पैसे देऊ नकोस.

माझा संशय वायपरच्या दांड्याच्या, म्हणजे पातं ज्याला अडकवतात त्याच्या, बुडावर आहे. तिथली काळी टोपी उचकटली की आत नट दिसेल. दहाचा पाना लागेल. त्या नटाखाली जो शाफ्ट, म्हणजे मोटरच्या जोरावर फिरणारा गज, वर येतो, त्याचं टोक निमुळतं असतं आणि त्यावर बारीक उभे दाते असतात. शाफ्ट पोलादी, पण दांड्याचं डोकं ओतीव, मऊ धातूचं. नट आवळलेला असतो तोवर दाते एकमेकांत रुतून बसतात. तो जरासा सैल झाला की दर फेरीला पोलाद त्या मऊ धातूला तासत जातं. मग मोटर फिरते, शाफ्टही फिरतो, दांडा मात्र जागच्या जागी. तू नट काढशील तेव्हा शाफ्टभोवती राखाडी, चकचकीत पूड दिसते का बघ. दिसली तर समज, दाते झिजलेत. पांढरट खवले असतील तर तो खाऱ्या हवेचा प्रताप. गाडी वर्षानुवर्षं शिवाजी पार्कला उघड्यावर, समुद्र हाकेच्या अंतरावर. दुसरं काय होणार?

दांडा काढताना घाई नको. वायपर एकदा चालवून बटणानेच बंद कर, किल्ली फिरवून नाही. म्हणजे शाफ्ट आपल्या विश्रांतीच्या जागी येऊन थांबेल. वहिनींच्या बाजूचं पातं काचेवर जिथे टेकतं, त्या रेषेत तुझ्या बाजूलाही चिकटपट्टी लावून ठेव. काचेवर जाड टॉवेल टाक. उभा केलेला दांडा हातातून सुटला की स्प्रिंगच्या जोराने खाली आपटतो आणि काच तडकते, आणि मग तो खर्च मोटरपेक्षा मोठा. नट पूर्ण काढू नकोस, दोन आटे राहू देत. गंजाचा स्प्रे मारून चहा पिऊन ये, मग दांडा डावी-उजवीकडे हळूहळू हलव. तरीही हलला नाही तर दोन पायांचा छोटा पुलर, म्हणजे दांडा सरळ वर खेचून काढायचं हत्यार, लावायचा. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायचा नाही, हातोडी तर नाहीच. शाफ्ट वाकला तर सगळं लिंकेज, म्हणजे त्या बॉनेटखालच्या पट्ट्या, खाली उतरवावं लागतं.

दांडा निघाला की भोकात करंगळी फिरवून बघ. दाते बोटाला टोचले तर नशीब. ब्रशने शाफ्ट आणि भोक दोन्ही साफ करायचं, दांडा खुणेवर बसवायचा आणि नट आवळायचा. भोक गुळगुळीत लागलं तर नवा दांडाच घे. काहीजण मध्ये पत्र्याची पट्टी कोंबून काम चालवतात. भर पावसात घरी पोचायला ते ठीक आहे, पण त्या भरवशावर पावसाळा काढायचा नाही. हे मी ठामपणे सांगतोय, कारण तू रोज वाशीला जातोस. खाडीपुलावर आडवा वारा, शेजारच्या ट्रकने उडवलेलं पाणी, समोरून दिव्यांचा झोत, आणि त्या क्षणी ड्रायव्हरसमोरचं पातं थांबलेलं. डोळ्यांपुढे आणून बघ.

दांडे काढलेले असतानाच आणखी एक तपासणी कर, गॅरेजवाले ती सहसा टाळतात. वायपर चालू करून नुसते दोन शाफ्ट बघ, हात मात्र पट्ट्यांपासून लांब. दोन्ही सारखे फिरले पाहिजेत. एखादा डुगडुगत असेल तर बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी, झिजलाय. एखादा जड, रखडत फिरत असेल तर आत पाणी जाऊन तो आखडलाय, आणि मोटर त्याला रेटून रेटून थकते. अशा वेळी फ्यूज उडतो. तिथे जास्त अँपिअरचा फ्यूज कधी बसवू नकोस, वायर जळेल. पट्ट्यांच्या सांध्यांत प्लॅस्टिकच्या वाट्या असतात, त्या सैल झाल्या की पाती एकमेकांवर आपटतात. हे सगळं स्वस्तातलं काम आहे.

स्प्रिंगही बघून घे. वेग वाढला की पातं काचेवरून उचललं जातं आणि मधेच पुसायचं राहतं, असं होत असेल तर स्प्रिंग मेली किंवा तिच्याजवळचा सांधा गंजून जाम झाला. सांध्याला तेल दे. पातं थडथड उड्या मारत असेल तर बहुधा दांडा पिळलेला असतो. पातं काचेवर ताठ उभं राहायला हवं, एका अंगावर कललेलं नको. दोन पक्कडी लावून किंचित पीळ देता येतो, पण अगदी किंचित.

नव्या दांड्यासाठी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा ऑपेरा हाऊसला जा. आठशेचं उत्पादन २०१४ सालीच थांबलंय, तेव्हा कंपनीचा माल मिळेलच असं नाही. जुना दांडा बरोबर ने. भोक, लांबी आणि पातं अडकवायचा आकडा, तिन्ही जुळवल्याशिवाय पैसे काढू नकोस, आणि दोन्ही बाजूंचे सारखेच असतील असंही धरून चालू नकोस.

काका ही गाडी कशी ठेवायचे ते मी पाहिलंय. रविवारी सकाळी बादली आणि फडका घेऊन खाली उतरायचे, आणि सगळ्यात आधी पाती पुसायचे. गाडी जुनी झाली म्हणून कोणी तुला काहीही सांगावं, हे मला सहन होत नाही. शिवाय केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये वायपरसाठी स्वतंत्र नियम आहे, १०१वा. म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी आरटीओतही वायपर बघितला जाणारच.

मुंबईत पाऊस यायची सरासरी तारीख ११ जून. हाताशी फार दिवस नाहीत. येत्या रविवारी पुलर घेऊन येतो. तोवर तू फक्त टोपी काढून नट किती सैल आहे ते बघ आणि मला कळव. बसवल्यावर काच ओली करूनच चालवायचं, आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर नट पुन्हा एकदा आवळायचा, तेवढं वहीत लिहून ठेव. वहिनींना सांग, नाश्त्याला मी आहे.

तुझा,
दिलीप