स्टुलाखालचं पॅकिंग

मावशी,

नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून मावशीच म्हणतो. तुम्हाला मराठी येत नाही, पण हे दुसऱ्या भाषेत लिहायला मला जमणार नाही.

सप्टेंबर २०२४, सिंगापूरची रात्रीची शर्यत, पडांग मैदानाजवळची जाळी. तिथे गुडघे धरून उभे होते ते आमचे अण्णा. कन्नडच्या एसटी डेपोत ३२ वर्षं गाड्यांखाली झोपून काढलेला माणूस. फॉर्म्युला वनची गाडी एकदा जवळून बघायची, एवढी एकच हौस. आमच्या ट्रॅव्हलवाल्याने पैसे खुर्चीचे घेतले आणि हातात टेकवलं हिंडत उभ्याने बघायचं तिकीट. गेटवरून सात फोन केले. साहेबांनी उचलला नाही तो नाहीच. (परत आल्यावर वर म्हणतात, "रेस दिसली ना शेवटी?")

तुम्ही ड्युटीवर होता. स्वतःचं प्लास्टिकचं स्टूल अण्णांपुढे सरकवलंत. ते बसले आणि स्टूल डुगडुगलं. तुम्ही त्यांना हाताला धरून उठवलंत, खोक्याचा पुठ्ठा फाडलात, घडी करून पायाखाली सारलीत, दाबून बघितलंत. अजून हलत होतं. घडी काढून आणखी एकदा दुमडलीत, पुन्हा दाबून बघितलंत, मग बसायची खूण केलीत.

अण्णा माझ्या कानाशी म्हणाले, "बाईनं पॅकिंग दिलं बघ."

स्टूल एखाद्याने दिलंही असतं हो. दुसरी दुमड कोण घालतं?

६२ फेऱ्या, १ तास ४० मिनिटं तुम्ही उभ्या. अपघात झाला की सगळ्या गाड्यांना हळू चालवायला पुढे येते ती सेफ्टी कार आली असती, तर तेवढ्यात अण्णांना उठवून तुम्हाला बसवणार होतो. पण २००८ पासून तिथल्या प्रत्येक शर्यतीत येणारी सेफ्टी कार नेमकी त्याच रात्री आली नाही! नॉरिस वीस सेकंदांनी जिंकला, ते अण्णांना हॉटेलवर कळलं. त्यांचं सगळं लक्ष वळणावर लाल होणाऱ्या ब्रेकच्या चकत्यांकडे. "आपली गाडी औट्रम घाट उतरताना एवढी तापली असती तर पॅसेंजर उड्या मारून पळाले असते," म्हणाले.

घरी आल्यावर गल्लीत सगळ्यांना शर्यतीआधी तुमचीच गोष्ट सांगितली जाते. निघताना तो पुठ्ठा त्यांनी गुपचूप खिशात घातला होता. सध्या आमच्या कुलरच्या पायाखाली आहे. कुलर हलत नाही.