चिऊ, "मिळेल ती नोकरी" असं परत म्हणू नकोस

चिऊ बाळा,

काल फोनवर म्हणालीस "आई, आता मिळेल ती नोकरी घेते" आणि तुझा आवाज असा काही होता की फोन ठेवल्यावर माझं कशात लक्षच लागेना. बोलायला गेले असते तर रडू आलं असतं म्हणून लिहितेय, लांबलं तरी पूर्ण वाच.

कॅम्पसला आलेली ती मॅनेजमेंट ट्रेनीची ऑफर सोडली त्याचं तुला आता वाईट वाटतंय. मला नाही वाटत. नाव ट्रेनीचं आणि काम पॉलिसी विकायचं, पगारातला मोठा भाग टार्गेटवर. विक्रीचं काम हलकं नाही गं, ज्याला जमतं तो त्यात खूप पुढं जातो, पण तुला ते जमत नाही हे आपल्या दोघींना माहितीय आणि पहिले दोन महिने मामा मावशांच्या गळ्यात पॉलिसी मारून झाल्यावर तू काय केलं असतंस?

तुला काय जमतं ते मला विचार. बारावीच्या सुट्टीत पतसंस्थेत माझ्याशेजारी बसायचीस, तेव्हा एक खर्चीवाले, म्हणजे व्यापाऱ्याच्या सुताचं मजुरीवर कापड विणून देणारे, आले होते, 8 माग होते त्यांचे, कर्ज मागत होते. ते गेल्यावर तू विचारलंस, आई सूत तर व्यापारी देतो, मग ह्यांना भांडवल कशाला लागतं? मी तुला सांगितलं, कामगारांचा पगार दर आठवड्याला, लाईट बिल महिन्याला, आणि व्यापाऱ्याकडून मजुरीचे पैसे यायला कधी कधी दोन दोन महिने. त्यावर तू म्हणालीस मग ह्यांचा धंदा कसा चाललाय हे बघण्याआधी ह्यांचा व्यापारी कसा आहे ते बघायला पाहिजे ना. मी त्या खुर्चीवर बसून सहा वर्षांनी हे शिकले होते चिऊ, आणि त्याआधीची सहा वर्षं कॅश काउंटरवर नोटा मोजण्यात गेली, कारण तुला काय करायचंय हे मला कुणी विचारलंच नाही. म्हणून मी तुला विचारतेय.

हेच काम म्हणजे क्रेडिट, कर्ज मागणाऱ्याला ते फेडता येईल का हे तपासायचं. बँकांमध्ये आहे, एनबीएफसीमध्ये, म्हणजे बँक नसलेल्या पण कर्ज देणाऱ्या कंपन्यांमध्ये आहे, क्रिसिल, इक्रा, केअर ह्या रेटिंग एजन्सी दिवसभर हेच करतात, आणि खराडीला परदेशी बँकांची जी ऑफिसं आहेत तिथं रिस्कच्या टीम असतात. फक्त पदाच्या नावावर जाऊ नकोस, रिलेशनशिप मॅनेजर म्हणतात आणि बऱ्याच ठिकाणी ते सेल्सच असतं. इंटरव्ह्यूत सरळ विचार, मी फाइल आणायची का फाइल तपासायची? उत्तर गोल गोल आलं की समजून जा.

नोकरीडॉटकॉमवर रोज पन्नास ठिकाणी अप्लाय करून थकतेस त्यापेक्षा कॉलेजच्या ज्या सीनियर ह्या कामात आहेत त्यांना लिंक्डइनवर मेसेज कर. जॉब आहे का असं नको लिहूस, पंधरा मिनिटं बोलाल का, दिवसभर काय काम असतं, नवीन आलेल्यांना काय येत नाही, एवढंच विचार. दहातल्या दोघी बोलतील, त्या दोघी पुरे. आणि सीव्हीवर "ॲनालिटिकल स्किल्स" लिहून काही कळत नाही गं. त्यापेक्षा असं कर, मेनन बेअरिंग्ज आपल्या कोल्हापूरची कंपनी, शेअर बाजारात लिस्टेड, वार्षिक अहवाल बीएसईच्या साइटवर फुकट मिळतात. तीन वर्षांचे घे आणि दोन पानं लिही, ह्यांना कर्ज द्यायचं तर किती, का, आणि कशाची भीती. आधी उधारी बघ, स्टॉक बघ, नफा दिसतोय पण तो पैसा हातात येतोय का ते कॅश फ्लोमध्ये बघ. मला पाठव, मी लाल पेनानं तपासते. अशी तीन झाली की इंटरव्ह्यूला जाताना घेऊन जा.

ऑफर आली की सीटीसीचा, म्हणजे कंपनीला तुझा वर्षाचा एकूण खर्च किती त्याचा, आकडा बघून लगेच हो म्हणू नकोस. त्यात कंपनीच्या वाटणीचा पीएफ असतो, ग्रॅच्युइटी असते, इन्शुरन्स असतो, व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर कमी जास्त होणारा भाग, तो पण धरलेला असतो. फिक्स किती आणि हातात किती हे लेखी माग. कुणी रजिस्ट्रेशनचे नाहीतर लॅपटॉपच्या डिपॉझिटचे पैसे मागितले तर फोन कट कर, आणि ओरिजिनल मार्कलिस्ट कुणाकडं म्हणजे कुणाकडं ठेवायची नाही.

बाबांचं बँकेच्या परीक्षेचं टुमणं चालू आहे, माहितीय मला. स्टेट बँक पीओला काय आणि रिझर्व्ह बँक ग्रेड बीला काय, तुला वयाच्या 30 पर्यंत वेळ आहे. मनापासून करायची असेल तर वर्ष दे, मी आहे, पण बाबांना बरं वाटावं म्हणून अर्धवट फॉर्म भरत बसू नकोस, दोन्हीकडचं जाईल.

भाड्याचे पैसे 5 तारखेला टाकते. नको म्हणू नकोस, पतसंस्थेत बसून मी लोकांना दोन दोन वर्षं मुदत वाढवून देते आणि माझ्या पोरीला चार महिने नाही देणार का?

रविवारी बाबा स्वारगेटला सकाळी उतरतायत, बरोबर भडंग आणि तुझी ती निळी फाइल देतेय. परीक्षेचं त्यांना तूच सांग, अर्धं मी आधीच सांगून ठेवलंय.

आई