श्रेणी समान, पण तारखेचे काय?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातील प्राध्यापकांच्या समान वेतनावरचा लेख वाचला. रात्री जेवण झाल्यावर पुन्हा एकदा वाचला, तरी राग गेला नाही म्हणून हे पत्र. लेखक स्वतः प्राध्यापक आहेत, भाषा उत्तम आहे. अमेरिकेत पगार घासाघीस करून ठरतो, त्यामुळे प्रिन्स्टन विद्यापीठाला २०२० मध्ये १०६ महिला प्राध्यापकांना सव्वानऊ लाख डॉलर थकबाकी द्यायचे मान्य करावे लागले (चूक मात्र मान्य केली नाही, हे लेखकाने गाळले). आपल्याकडे मात्र वेतन आयोगाची श्रेणी, बाई असो की बुवा, पगार एकच, असे ते म्हणतात. वा!

मी प्राध्यापक नाही. एका अनुदानित महाविद्यालयाच्या कार्यालयात आस्थापनेच्या टेबलावर नोकरी केली आणि अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. ही मंडळी स्टाफरूममध्ये समतेवर बोलत असत, तेव्हा त्यांची सेवापुस्तके माझ्या कपाटात असत. श्रेणी समान असते हे अगदी खरे. पण त्या श्रेणीत कोणाला कोणत्या तारखेपासून बसवायचे हे स्थाननिश्चितीच्या प्रस्तावावर ठरते, आणि सगळी गोम तिथे आहे.

लेखकाने सातव्या आयोगाचा तक्ता छापला आहे, तोच पुन्हा पाहावा. लेव्हल १२ सुरू होते ७९,८०० ला आणि त्यापुढची १३-ए सुरू होते १,३१,४०० ला. १३-ए म्हणजे सहयोगी प्राध्यापकाची श्रेणी. मध्ये ५१,६०० रुपये, महागाई भत्ता वेगळा. सहाव्या आयोगात हीच उडी आठ हजार एजीपीवरून (मूळ वेतनात धरायच्या श्रेणी वेतनावरून) नऊ हजारांवर जाण्याची होती. 'नऊ हजार झाले का?' हे मंडळी एकमेकांना पोराच्या लग्नाची चौकशी करावी तसे विचारत. या उडीच्या अलीकडे कोण किती वर्षे थांबले, हे तक्त्यात कसे दिसणार? शिवाय जुन्या योजनेत निवृत्तिवेतन शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मे. म्हणजे नोकरीत झालेला उशीर पुढे मरेपर्यंत दरमहा भरायचा.

आमच्याकडे रसायनशास्त्राला एक मॅडम होत्या. त्यांच्याबरोबर त्याच मुलाखतीतून एक सर लागले, हजर होण्याची तारीखही एकच. दोघांना मुलेही वर्षभराच्या आतबाहेर झाली. वरच्या श्रेणीसाठी लागणारे उद्बोधन वर्ग, उजळणी वर्ग सर वेळेवर करून आले. तीन-चार आठवडे विद्यापीठाच्या गावी राहायचे असे, ते राहिले. मॅडमचे मूल अंगावर पिणारे, घरात सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्यांचा वर्ग दोन वर्षे लांबला, आणि वर्ग पूर्ण झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून स्थाननिश्चिती धरली गेली. नियमाने बरोबर. टिपणी मीच लिहिली होती. पण पहिली तारीख सरकली की पुढच्या सगळ्या सरकतात.

नऊ हजारांच्या वेळचा प्रकार तर ऐकण्यासारखा आहे. प्रस्ताव त्रुटी काढून परत आला. त्रुटी काय, तर जोडलेले काही शोधनिबंध 'अर्जदाराचे नाहीत'. मॅडमचे लग्नाआधीचे निबंध माहेरच्या नावाने होते, आणि सासरी आडनावाबरोबर पाळण्यातले नावही बदलले होते. राजपत्र, विवाह नोंदणीचा दाखला, प्रतिज्ञापत्र, सगळे जोडले. मग छाननीला आलेल्या विषयतज्ज्ञांनी संगणकावर शोधले, तर एका बाईचे दोन लेखक झालेले. इतरांनी त्यांच्या निबंधांचे दिलेले निम्मे संदर्भ एकीच्या खात्यावर, निम्मे दुसरीच्या. 'प्रभाव कमी दिसतो,' असे ते म्हणाले. दिसणारच की! आता नाव बदलले तरी न बदलणारा संशोधकाचा ऑर्किड क्रमांक निघाला आहे, तेव्हा आमच्याकडे कोणाला ठाऊक होता?

उरलेल्या निबंधांवर विभागप्रमुखांचे नाव पहिले आणि मॅडमचे चौथे. प्रयोगशाळेत संध्याकाळी सातपर्यंत दिवा कोणाचा असे, हे आमच्या शिपायाला विचारा. २०१० च्या नियमावलीप्रमाणे पदोन्नतीसाठी धरायच्या निबंधाच्या गुणांतले ६० टक्के पहिला म्हणजे मुख्य लेखक आणि पत्रव्यवहार करणारा लेखक किंवा मार्गदर्शक यांचे, राहिलेले ४० बाकीच्यांनी वाटून घ्यायचे. महाविद्यालयाचा दर्जा तपासणाऱ्या नॅकची फाइल, स्नेहसंमेलन, महिला तक्रार समिती, पाहुण्यांचे स्वागत ही कामे मात्र मॅडमकडे ठरलेली. त्यांचे गुण दुसऱ्या गटात, म्हणजे इतर उपक्रमांत, भरून वाहत होते, पण दुसऱ्या गटातले तिसऱ्यात, म्हणजे संशोधनात, चालत नसत.

सर प्रोफेसर होऊन निवृत्त झाले. चांगले गृहस्थ आहेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. मॅडमना नऊ हजार उशिरा मिळाले आणि पुढचा प्रस्ताव पाठवायला त्या राजीच झाल्या नाहीत. कालचे लेखक लिहितात, 'स्त्रिया अर्जच करत नाहीत.' कॅनडाच्या डोना स्ट्रिकलंड यांना २०१८ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले तेव्हा त्या असोसिएट प्रोफेसर होत्या, आणि त्यांनीही प्रोफेसरपदासाठी अर्ज केला नव्हता असे सांगतात. त्या बाईंचे कारण मला माहीत नाही. आमच्या मॅडमचे मी फाइलवर पाहिले आहे.

२०२१-२२ च्या उच्च शिक्षण सर्वेक्षणातला शंभर पुरुष अध्यापकांमागे ७७ स्त्रिया हा आकडा लेखकाने अभिमानाने दिला आहे. तो सगळ्या पदांचा मिळून आहे. त्याच अहवालातला पदनिहाय तक्ता पाहावा, वर चढावे तसे प्रमाण उतरत जाते. आणि तासिका तत्त्वावर राबणाऱ्या मुलींना श्रेणीच नाही, तेव्हा त्यांच्या समानतेचा प्रश्नच मिटला.

थोडे आपल्या वृत्तपत्राबद्दलही. दरवर्षी 'जगातील टॉप दोन टक्के शास्त्रज्ञांत आपले प्राध्यापक' अशी बातमी आपण छापता, खाली कोट-टायमधले फोटो. ती यादी स्कोपस या शोधनिबंधांच्या नोंदसंग्रहातल्या लेखक-खात्यांवरून बनते. दोन नावांची दोन खाती झालेली बाई त्यात कशी यायची? शिवाय स्वतःच स्वतःचे दिलेले संदर्भ वगळल्यावर क्रमांक किती, हेही त्या यादीत असते, ते आपण कधी छापल्याचे स्मरत नाही. बाईंची बातमी येते तेव्हा मथळा ठरलेला, 'संसार सांभाळून पीएचडी'. एखाद्या सरांनी संसार न सांभाळता पीएचडी केली, तीही बातमी एकदा येऊ द्या.

मॅडम याच गावात राहतात, म्हणून कृपया माझे नाव छापू नये.

आपला,
एक निवृत्त कार्यालयीन अधीक्षक

ता. क. : २०२३ च्या फेब्रुवारीत आम्ही शिक्षकेतर कर्मचारी आश्वासित प्रगती योजनेसाठी (ठरावीक वर्षांनी वरची श्रेणी मिळावी म्हणून) संपावर होतो, तेव्हा आपण 'विद्यार्थी वेठीस' एवढेच छापले होते. तेव्हाही मी पत्र पाठवले होते. ते अजून आलेले नाही.