पंचाला मत देण्याआधी मला वेळ हवा आणि कागद हवा

माननीय राज्य निवडणूक आयुक्त, गोवा यांस,

सप्रेम नमस्कार.

2027 मध्ये आमच्या दारात दोनदा मतं मागायला येतील. विधानसभेची मुदत मार्चमध्ये संपते, ग्रामपंचायतींची ऑगस्टमध्ये. विधानसभा आणि लोकसभा आपल्या अखत्यारीत येत नाहीत हे ठाऊक आहे. पंचायत येते, म्हणून हे पत्र आपल्याला.

मी फोंडा तालुक्यातली, सासरचं कुळागर (सुपारी-नारळाची बाग) सांभाळते. लोकसभेसाठी आमचा तालुका मधोमध चिरलेला आहे: फोंडा, शिरोडा, मडकई दक्षिण गोव्यात आणि आमचा प्रियोळ उत्तरेत. माहेर शिरोड्यात असल्यामुळे 7 मे 2024 ला भावाने एका यादीतून निवड केली, मी दुसऱ्या. त्यांच्याकडे काँग्रेसचे विरियातो फर्नांडिस आले, आमच्याकडे 1999 पासून आहेत तेच भाजपचे श्रीपादभाऊ नाईक.

खरं सांगायचं तर लोकसभेचं मत ठरवायला मला फार डोकं खाजवावं लागत नाही. 543 मध्ये आपले दोन. तिथे मी माणसापेक्षा पक्ष बघते. कर्नाटकाशी वाद असलेल्या म्हादई नदीच्या पाण्यावर तो पक्ष पणजीत काय बोलतो आणि बेळगावात काय, एवढं ताडून पाहिलं की बरंच कळतं. उमेदवाराचं शपथपत्र मोबाईलवर मिळतं. मालमत्ता, खटले, शिक्षण, अर्ध्या तासात वाचून होतं.

विधानसभेला मात्र पक्ष बघून दिलेलं मत माणूस खिशात घालून निघून जातो. 2019 मध्ये काँग्रेसच्या पंधरातले दहा आमदार भाजपात गेले. 2022 च्या निवडणुकीआधी काँग्रेसच्या उमेदवारांनी देवळात, खुरसासमोर (क्रॉससमोर) आणि दर्ग्यात पक्ष न सोडण्याच्या शपथा घेतल्या. सप्टेंबरात अकरातले आठ गेले. शपथ मोडणाऱ्याला देव बघून घेईल, असं सासूबाई म्हणतात. पक्षांतर रोखणारं घटनेचं दहावं परिशिष्ट मात्र फुटणारे दोन-तृतीयांश भरले की डोळे मिटून घेतं.

आणि पंचायतीला सगळं उलटं. तिथे पक्षाचं चिन्ह नसतं. माणूस बघून मत द्यायचं, पण निवडून येतं ते पॅनल, आणि पॅनल कुठल्या आमदाराचं हे वाड्यावरच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. सरपंच आम्ही निवडत नाही, प्रभागांतून निवडून आलेले पंच निवडतात. म्हणजे माझ्या चार-पाचशे मतांच्या प्रभागातला एक माणूस कुठल्या बाजूला बसतो, त्यावर गावाचा कारभार ठरतो. लोकसभेत माझं मत लाखोंच्या ढिगात पडतं. इथे दहा-बारा मतांनी माणूस पडतो. तरीही ज्या मताला इतकं वजन आहे, तेच मी दर खेपेला अंदाजपंचे देते.

मागची गोष्ट सांगते. 10 ऑगस्ट 2022, भर पावसातलं मतदान. उमेदवारांत एक चुलत दीर, एक शेजारीण आणि एक आधीच्या मंडळातले पंच. दीरांना मत नाही दिलं तर चतुर्थीला माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीखाली) तोंड कसं दाखवायचं, हा प्रश्न होताच. (नाही दिलं. त्यांना कळलंही असावं.) पण मला खरी पारख करायची होती ती जुन्या पंचांची. आमच्या वाड्यामागचा डोंगर कापायला पंचायतीने ना हरकत दाखला दिला, त्या बैठकीत हे हजर होते का? हात वर केला का? ग्रामसभेत आम्ही विरोध केला तेव्हा मान तर डोलावत होते. पंचायतीत जाऊन इतिवृत्ताची वही मागितली. उत्तर मिळालं, माहिती हक्काखाली अर्ज करा. अर्जाला उत्तर द्यायची मुदत तीस दिवस, मतदान बारा दिवसांवर. शेवटी मी रस्ता बघून मत दिलं. हॉटमिक्स झालेला होता, अर्थात. आमच्याकडे डांबर कधी पडतं ते आपल्याला सांगायला नको.

त्यात आरक्षणाची तऱ्हा. प्रभाग राखीव झाल्याचं इतक्या उशिरा कानावर येतं, की उभं राहावंसं वाटणाऱ्या बाईला घरात विषय काढायलाही फुरसत मिळत नाही. मग पंचांची पत्नी उभी राहते आणि पोस्टरवर हात जोडून पंच.

2021 मध्ये मुरगाव, मडगाव, म्हापसा, सांगे आणि केपे या पाच पालिकांचं आरक्षण उच्च न्यायालयाने रद्द केलं. ते प्रकरण दिल्लीला गेलं, तेव्हा 12 मार्चला सर्वोच्च न्यायालयाने त्यासोबत आणखी एक गोष्ट ठणकावली. गोव्यात निवडणूक आयुक्ताचा कार्यभार सरकारच्या कायदा सचिवाकडे होता. सरकारी नोकराने ही खुर्ची सांभाळायची नाही, असा निकाल आला. म्हणजे आपलं पद सरकारपासून मोकळं आहे, आणि कलम 243-के पंचायत निवडणुकांचं नियंत्रण आपल्याच हाती देतं. त्या अधिकारात एवढं करावं.

आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा निर्णय ऑगस्टच्या किमान सहा महिने आधी जाहीर होईल, असं पाहावं. प्रत्येक उमेदवाराचं शपथपत्र, मराठीत आणि कोकणीत, पंचायतीच्या फलकावर लावावं, आणि गाव जमतो त्या मांडावरही. जो पंच पुन्हा उभा राहतोय, त्याची पाच वर्षांतली बैठकांची हजेरी आणि जमिनीच्या ठरावांवर त्याने कुठला हात वर केला, ते शेजारी लावावं. वह्या पंचायतीत आहेतच, फक्त उघडायच्या आहेत.

गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा का, यावरच्या 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात सासूबाईंनी मत दिलं होतं. दोन पानं म्हणजे वेगळं राहणं, फूल म्हणजे विलीनीकरण, एवढाच प्रश्न. त्यांनी फूल निवडलं आणि त्या हरल्या: विलीनीकरणाविरुद्ध 1,72,191 मतं, बाजूने 1,38,170. अजून सांगतात, पण आपण कशाला मत देतोय ते कोणाला विचारावं लागलं नाही. 2027 च्या ऑगस्टला त्यांना मतदान केंद्रावर मीच घेऊन जाणार आहे. वाटेत त्या विचारतील, ‘गो, कोणाक घालूंया?’ तेव्हा फलकाकडे बोट दाखवता यावं.

आपली नम्र,
प्रियोळ मतदारसंघातील एक मतदार